भिंगरी पत्र्याखाली अडते

भिंगरी दांड्यापाशी आली आणि चारी खूर रोवून उभी राहिली. श्रेया तिच्या मानेवर आपटली. एका रिकिबीतला पाय सुटला, हेल्मेट कपाळावर आलं. वरचा पांढरा-तांबडा दांडा नुसता हलला, पडला नाही. खुरांचा आवाज पत्र्याच्या छताला लागून एकदा माघारी फिरला आणि मग मंगल कार्यालयाचा सगळा डोम गप्प झाला.

"लागलं का गं?" डोमच्या दुसऱ्या टोकाकडून गोरखनं विचारलं. विचारता विचारता तो निम्मी वाट पळत आलाही होता.

"न्हाई लागलं. पप्पा, तुमी तिथंच थांबा ना. मधी येऊ नका."

गोरख थांबला. पोरीनं आयाळ धरून स्वतःला मागं ओढलं, पाय रिकिबीत घातला, लगाम गोळा केला. तिचे हात स्थिर होते. गोरखनं हातातल्या टॉवेलनं मान पुसली, तळवे पुसले आणि तो आपल्या जागेवर परत गेला. भाद्रपदाचं ऊन पत्र्यावर तापत होतं हे खरं, पण एवढा घाम काही उन्हाचा नव्हता.

"परत आण," सोपान दफेदार म्हणाले. "पळवू नको. चालत आण, दांडा हुंगू दे तिला. ही वस्तू आपल्याला खात न्हाई, एवढं तिच्या ध्यानात आलं पायजे."

भिंगरीनं दांडा हुंगला, फुरफुर केली आणि कान टवकारून पलीकडं पाहिलं. मग तिनं शेपटीनं एक माशी हाणली. दफेदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"हिचं मला कळंना. भ्यालेलं घोडं डोळ्याचं पांढरं दाखवतं, अंग चोरतं. ही तर पाव्हण्यासारखी उभी हाय."

दफेदार घोडदळातून निवृत्त होऊन आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. मंचरजवळच्या आपल्या माळावर त्यांनी चार दांडे रोवून पोरांना घोड्यावर बसायला शिकवायला सुरुवात केली, तेव्हा लोक हसले. आता हसत नव्हते. श्रेया त्यांची सगळ्यात गुणी शिष्या. माळावर ती आणि भिंगरी काय वाटेल ते ओलांडत: दांडे, पिंपं, चर, एकदा तर उसाच्या मोळ्यांची अख्खी रास. पुण्याजवळच्या एका मोठ्या क्लबाच्या स्पर्धेत तिचं नाव गेलं होतं. तिथं चांगली कामगिरी झाली, तर तो क्लब पोरगी आणि घोडी दोघींना शिकायला ठेवून घेणार होता. अडचण एकच होती. ती स्पर्धा बंदिस्त होती, मोठ्या छताखालची. आणि भिंगरीनं जन्मात कधी छताखाली उडी मारली नव्हती.

जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन तालुक्यांत घोडं उडवण्याजोगं छत शोधायचं म्हणजे रानात रेल्वे शोधण्यासारखं. कांद्याच्या चाळी बुटक्या, कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबड्या. शेवटी आळेफाट्याच्या प्रितमशेठनी आपल्या मंगल कार्यालयाचा जेवणावळीचा डोम उघडून दिला. पितृपंधरवड्यात कोण लग्न करतंय? डोम रिकामाच होता. शेठनी अट एकच घातली.

"लिदीचा वास राहता कामा नये बरं का, गोरखभाऊ. घटस्थापनेनंतर साखरपुडा आहे. मुलीकडचे लोक फार वास घेणारे आहेत."

वखारीतून भुसा आणून फरशीवर जाड अंथरला. दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या उतरंडी, कढया, बुफेची टेबलं रचलेली होती. त्यामुळे उभं राहायला जागा उरली ती एका टोकाला दारापाशी आणि दुसऱ्या टोकाला, वाढप्यांच्या कट्ट्यापुढं. दफेदार दाराशी उभे राहात, गोरख कट्ट्यापुढं.

आणि मग घोडीला धीर द्यायचे सगळे उपाय झाले. पहिल्या दिवशी तिला नुसतं डोममध्ये फिरवून आणलं. तिथंच चारा टाकला, तिथंच गूळ दिला. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप दांड्यावर पडते म्हणून तिथं ताडपत्री बांधली. आवाज घुमतो म्हणून भिंतींना लग्नाचे पडदे लावले, जांभळे आणि सोनेरी. भिंगरी नवरदेवाची घोडी दिसायला लागली. दांडा जमिनीवर ठेवला, ती ओलांडून गेली. गुडघाभर वर घेतला, ओलांडून गेली. पण श्रेया तिला उडीसाठी पळवत आणू लागली, की दांड्याच्या तोंडाशी येऊन भिंगरी अडायची. रोज. सगळे उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

प्रत्येक वेळी तिच्या खुरांचा ताल वाढू लागला, की गोरखला दांडा दिसायचा नाही, भिंगरी दिसायची नाही. दिसायचं ते फक्त पुढं झुकलेलं एक डोकं आणि त्याच्या मागून येणारं काहीतरी. मागं काही नसायचं हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग? भीतीला हिशेब सांगून ती उठून जाते थोडीच.

त्या दिवशी चौथ्यांदा की पाचव्यांदा भिंगरी अडली तेव्हा दफेदारांनी शिट्टी वाजवली.

"बस. उतर आता." ते गोरखजवळ आले, आवाज खाली करून बोलले. "गोरखभाऊ, स्पष्ट बोलतो. उद्याचा एक दिवस बघायचं. उद्या घोडी नीट गेली तर ठीक, न्हाईतर मी नाव काढून घेणार. असं तोंडाशी येऊन थांबणारं घोडं लई वाईट. कधीतरी पोरगी मानेवरनं पलीकडं जाईल आणि मग आपण काय तोंड दाखवायचं?"

"बरोबर हाय," गोरख म्हणाला.

तो एवढ्या पटकन म्हणाला, की दफेदारांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. श्रेया लांब उभी राहून भिंगरीच्या पोटाखालचा तंग सैल करत होती. तिनं ऐकलं असावं. तिनं मान वर केली नाही.

भिंगरीला चढवून पिकअप पिंपरी पेंढारला, घराकडं निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. गोरखच्या बायकोनं, वृषालीनं, बजावून ठेवलं होतं, दिवस मावळायच्या आत घरात यायचं. मागच्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातून बिबट्यानं वासरू ओढून नेलं होतं. पिंजरा लावलेला होता आणि त्यातली शेळी रात्रभर ओरडायची. त्या आवाजानं गावाला झोप लागत नसे, तसा गोरखला हल्ली दिवसाही विसावा नव्हता. मागं भिंगरीनं फळीवर खूर आपटला, की तो दचकून आरशात बघायचा.

दारात वृषाली उभी होती. ती रोज एकच प्रश्न विचारायची.

"पडली का?"

"न्हाई," श्रेया म्हणाली आणि भिंगरीला घेऊन गोठ्याकडं गेली.

ओट्यावर भिका बसला होता. भिका गोरखचा धाकटा भाऊ. चाकाची खुर्ची ओट्याच्या कडेला लावून तो दिवसभर रस्ता बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करायचा. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. कधीकाळी बैलगाडा शर्यतीच्या घाटात भिकासारखा घोडीस्वार पंचक्रोशीत नव्हता.

आपल्याकडच्या घाटात बैलांच्या पुढं घोडी पळते. चढणीची वाट, मागं गाडा ओढणारे उधळलेले बैल आणि त्यांच्यापुढं एक घोडी, तिच्यावर एक माणूस. घोडीनं बैलांना खेचत न्यायचं, पण त्यांच्या तोंडी सापडायचं नाही. भिंगरी शिंगरू होती तेव्हापासून भिकानं तिला घाटासाठी तयार केलेलं. वर, शर्यत संपते त्या निशाणाच्या पलीकडं गोरख उभा राहायचा. घोडी जोरात आलेली असते, लगाम ओढून एकदम थांबत नाही, म्हणून दोघा भावांनी तिला एक खूण शिकवली होती. निशाण ओलांडलं, की गोरखनं खांद्यावरचा टॉवेल काढून गुडघ्यापाशी खाली सोडायचा. तो दिसला, की भिंगरी कसल्याही वेगात असो, चारी खूर रोवून थांबायची. घाटावरची माणसं ते बघायला थांबत.

शर्यतींवरची बंदी उठून घाट परत सुरू झाले त्या वर्षी, एका यात्रेत, भिंगरीचा पाय ओल्या चढाला घसरला. ती उठली. भिका उठायच्या आत गाडा त्याच्यावरून गेला. गोरख वर निशाणापाशी होता. त्यानं टॉवेल खाली सोडला, परत सोडला, वेड्यासारखा सोडत राहिला. बैलांना ती खूण ठाऊक नव्हती.

त्यानंतर गोरखनं घाटाकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. घोडी विकायचीही ठरली होती. भिका आडवा आला. "जनावराचा काय दोष?" म्हणाला. घोडीला हिंडवायला कुणी नाही म्हणून श्रेया बसायला लागली, भिका खाटेवरून तिला शिकवायला लागला आणि बघता बघता गोष्ट मंचरपर्यंत गेली. गोरखला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"काय म्हणतात दफेदार?" भिकानं विचारलं.

"उद्याचा एक दिवस. न्हाईतर नाव काढणार." गोरख पायरीवर टेकला. त्यानं खिशातून फोन काढला. दफेदारांनी दाराशेजारून उडीचं चित्रण करून पाठवलं होतं, घोडी का अडते ते घरी बसून बघा म्हणून. "बघ तूच. मला तर काय उमगंना. पत्र्याला भीती बहुतेक."

भिकानं फोन हातात घेतला. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग तो हसला, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं.

"दादा, घोडी कुठं अडतीय?"

"म्हंजे?"

"घोडी हुकूम पाळतीय. तू थांबवतोयस तिला. हे बघ."

गोरखनं पाहिलं. छोट्याशा पडद्यावर भिंगरीची पाठ लांब पळत चालली होती आणि तिच्या समोर, दांड्याच्या बरोबर पलीकडं, कट्ट्यापुढं एक माणूस उभा होता. घोडी दांड्यापासून दोन ढांगांवर आली आणि त्या माणसाच्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढून गुडघ्यापाशी सोडला. घोडी थांबली. पुढच्या उडीला परत तेच. त्याच्या पुढच्याही.

आपण हे कधी केलं, गोरखला आठवेना. त्याला आठवत होता फक्त घाम. घाम पुसायला म्हणून आपण टॉवेल काढतो, असं त्याला वाटत होतं. मंचरच्या माळावर तो नेहमी लांब, बाभळीखाली, पिकअपच्या आडोशाला उभा राहायचा; तिथं त्याचा हात काय करतो ते घोडीला दिसतच नसे. इथं डोममध्ये मात्र तो तिच्या बरोबर नाकासमोर.

"मी मुद्दाम न्हाई केलं रं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी लागला.

"ते ठावं हाय मला." भिकानं फोन त्याच्या हातात परत दिला. "पण आता कळलं ना. आता करशील तर ते मुद्दाम व्हईल."

गोठ्यातून श्रेयाचा आवाज येत होता. ती भिंगरीशी बोलत होती, शब्द ऐकू येत नव्हते. एक विचार गोरखच्या मनात आला आणि त्याची त्याला लाज वाटली: हे भिकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. उद्या एकदा, फक्त एकदा टॉवेल खाली सोडला, की दफेदार नाव काढून घेतील. पोरगी रडेल, चार दिवस जेवणार नाही. पण जिवंत राहील, धडधाकट राहील, तिच्या दोन पायांवर चालेल.

भिका त्याच्याकडंच बघत होता.

"मी कुणाला सांगायचा न्हाई," भिका म्हणाला. "हात तुझा हाय, तूच काय ते बघ. पण एक सांगतो, दादा. मी पडलो ते त्या घोडीमुळं न्हाई आणि तुझ्यामुळं बी न्हाई. चढ वला व्हता. तू रोज घाटाच्या वर जाऊन उभा राहतोस, तिथनं आता खाली ये."

वृषालीनं जेवायला हाक मारली तेव्हा गोरख पायरीवरून उठला आणि आत गेला.

सकाळी डोम उघडला तेव्हा पडद्यांना दमट वास येत होता. दफेदारांनी दांडा ठरलेल्या उंचीवर लावला, दोनदा तपासला. श्रेया घोडीवर बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नाव जाण्याच्या भीतीनं असेल, असं गोरखला वाटलं.

"मी बाहेर थांबतो," तो म्हणाला.

"का?" श्रेयानं चटकन विचारलं.

"थांबतो बाहेर. माझं काय काम हाय हितं?"

"पप्पा..."

पण तो निघून गेला होता. डोमच्या मागं भांडी घासायची मोरी होती, तिच्या कठड्यावर तो बसला. टॉवेल त्यानं पिकअपमध्येच सोडला होता. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं ते मांड्यांखाली दाबून धरले. आतून दफेदारांचा आवाज आला, मग खुरांचा. आधी दुडकी चाल, भुशावर दबलेली. मग ताल बदलला. गोरखनं डोळे मिटले. आयुष्य घोड्याच्या टापा ऐकण्यात गेलेलं; काही न बघता त्याला सगळं दिसत होतं. आली. वळली. सरळ झाली. आता.

टापा मंदावल्या. वेग उतरला, परत दुडकी, मग चाल, मग काही नाही.

भिंगरी अडली नव्हती. अडली असती तर खूर घसटल्याचा आवाज आला असता. तिला कुणीतरी हळूहळू आवरलं होतं.

"काय झालं?" आत दफेदार विचारत होते. "घोडी तर चालली व्हती. परत घे."

परत टापा. परत तेच. वळण, सरळ वाट, आणि दांडा यायच्या आतच वेग पडला. तिसऱ्यांदा तर ती वळणावरच थांबली. गोरखला बसवेना. तो उठून दारापाशी आला.

"तू लगाम ओढतीयस," दफेदार श्रेयाला म्हणत होते. ते चिडले नव्हते, चकित झाले होते. "घोडी जायला बघतीय आणि तूच तिला धरतीयस. आजवर कधी असं केलं न्हाईस."

श्रेयानं दारात उभ्या वडिलांकडं पाहिलं. दफेदारांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. दुनिया पाहिलेला माणूस. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"मी जरा शेठकडं च्या घेऊन येतो," ते म्हणाले आणि गेले.

डोममध्ये तिघंच उरले. भिंगरी भुसा हुंगत होती.

"श्रेया," गोरख म्हणाला. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता आठवेना. "भिंगरीला पत्र्याचं भ्या न्हाई. तिला मीच अडवत व्हतो. घाटातली ती खूण..."

"मला ठाव हाय, पप्पा."

"भिका बोलला?"

"काका न्हाई बोलले. पहिल्याच दिवशी बघितलं मी. समोरच तर उभं राहायचा तुमी. मला काय ती खूण ठाऊक न्हाई व्हय? लहानपणी काकाच्या पुढ्यात बसून शिकलीय मी ती."

"मग बोलली का न्हाईस? एवढे दिवस दफेदार राबले, पडदे लावले, ताडपत्र्या बांधल्या..."

श्रेयानं आयाळीतून बोटं फिरवली. एक गाठ सापडली, ती सोडवू लागली.

"तुमचा हात खाली गेला, की मला बरं वाटायचं," ती म्हणाली.

गोरख दारातून दोन पावलं आत आला.

"माळावर कसं, दांड्याच्या पलीकडं नुसतं रान असतं. पडलं तरी मोकळ्यात पडू असं वाटतं. हितं दांड्याच्या पलीकडं लगेच भिंत दिसती. पहिल्या दिवशी वळले आणि ती भिंत बघितली, तर माझे पायच गेले. वाटलं, न्हाई जमणार. तेवढ्यात तुमी टॉवेल सोडला आणि ही थांबली. मग रोजच. तुमी हिला थांबवणार हे ठावं असलं, की मी बिनघोर आणायचे. सगळ्यांना वाटायचं घोडी भिती, पोरगी धीराची." आयाळीतली गाठ सुटली. "आज तुमी बाहेर गेला आणि कळलं, आता ही खरंच उडी मारणार."

म्हणजे इतके दिवस सगळे मिळून त्या जनावराची भीती घालवत होते, ज्याला ती नव्हतीच. भीती होती ती दोन्ही टोकांना, एक कट्ट्यापुढं उभी आणि एक खोगिरावर बसलेली, आणि दोघी एकमेकींच्या आधारानं चाललेल्या.

नको मग. चल घरी. हे शब्द गोरखच्या ओठांवर आले होते. किती सोपं होतं. आता तर चोरीही नव्हती. पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. लगाम धरायचा, भिंगरीला पिकअपमध्ये चढवायचं, वृषालीनं विचारलं की सांगायचं, न्हाई पडली आणि आता कधी पडायचीही न्हाई. तो पुढं आला आणि त्यानं लगाम धरलाही. भिंगरीनं त्याच्या रिकाम्या खांद्याला नाक लावलं.

"तुमाला काय वाटतं?" श्रेयानं वरून विचारलं. "करू का नको?"

"मला नको इचारू."

"का?"

"मला वाटतं तू खाली उतरावं. काल वाटत व्हतं, आज वाटतंय, उद्या बी वाटणार. तू शंभर वर्षांची झालीस तरी मला तेच वाटंल." त्यानं भिंगरीच्या मानेवर थाप मारली. "माझ्या भ्याला इचारून तू काय करायचं ठरवू नको. त्याला एकच उत्तर येतं. तुला काय वाटतं ते बघ."

श्रेयानं दांड्याकडं पाहिलं. बाहेर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, कुणीतरी नारायणगावच्या नावानं ओरडलं. तिचं उत्तर काय येईल ते गोरखला समजेना आणि ते कोणतं यावं हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. त्याच्या हातातला लगाम एकदा हलका ओढला गेला. त्यानं मूठ उघडली.

"मला भ्या वाटतंय," श्रेया म्हणाली. "पण उतरले, तर ते मला घरापातूर सोबत करंल."

तिनं भिंगरीला वळवलं. गोरख कट्ट्याकडं जायला निघाला, मग थबकला, मग दाराकडं वळला.

"तिकडं समोर उभं राहू नका," ती म्हणाली. "बाहेर बी जाऊ नका."

"मग कुठं जाऊ?"

तिनं छडीनं मागची जागा दाखवली, जिथून भिंगरी सुटायची तिथली, भुशात खुरांनी खळगे पडलेली. "हितं. माझ्या मागं."

गोरख तिथं जाऊन उभा राहिला. घाटात घोडीच्या मागं माणूस उभा राहात नाही. तिथून बैल येतात. उभ्या जन्मात त्यानं भिंगरीला समोरून येतानाच पाहिलं होतं. इथून तिचे डोळे दिसत नव्हते, पोरीचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती शेपटी, खोगिरावरची ताठ पाठ आणि हेल्मेटखालून आलेली वेणी. इथून हात वर करा नाहीतर खाली सोडा, पुढं जाणाऱ्याला त्याचा पत्ता लागणार नव्हता. तरी तो उभा राहिला.

तिनं एक गोल फेरी घेतली, दुडक्या चालीनं त्याच्या शेजारून गेली, परत आली आणि दांड्याच्या सरळ रेषेत भिंगरीला क्षणभर धरलं. मान न वळवता ती म्हणाली, रोज कॉलेजला निघताना दारातून म्हणायची तसंच,

"येते, पप्पा."

"ये," गोरख म्हणाला आणि त्यानं डोळे उघडे ठेवले.